उजेडाकडे बघू नकोस

वार्डोत सूर्य नोव्हेंबरात जातो
तो जानेवारी अर्धा सरल्यावर येतो.
यंदा मधल्या अंधारात पोस्ट ऑफिसही गेलं.
दारावरची पाटी दोन माणसांनी स्क्रू काढून नेली.
मी सत्तावन्न वर्षांची,
शिक्के मारमारून उजवा अंगठा चपटा झालेली,
मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी
बंदरामागच्या शेडमध्ये वेल्डिंग शिकायला जाऊ लागले.

शिकवणारा आयलर्ट.
आयुष्य बोटींच्या पोटाखाली उताणं काढलेलं.
एका कानानं ऐकू येत नाही,
दुसऱ्यानं हवं तेवढंच.
पहिल्या दिवशी मशीनला हात लावू दिला नाही.
"पत्रा घास."
घासला.
"अजून."
रंग गेला, गंज गेला, खालची करडी सायही गेली,
आणि लोखंड असं उघडं पडलं
की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"दार लाव. वारा गॅस पळवतो.
मग शिवणीला भोकं पडतात, पावाला पडतात तशी."

दार लावलं. घोडा दाबला.
तार नुसतीच बाहेर येत राहिली,
मुकी, मऊ, हातभर लांब,
एक ठिणगी नाही.
जमिनीचा चिमटा टेबलाला लावायचा राहिला होता.
फिशफॅक्टरीतला रिमास हसला नाही,
म्हणाला, "माझी पार भिंतीपर्यंत गेली होती."

हनुवटी झटकायची, खाडकन झापड पडते.
आत अंधार, बाहेरच्यापेक्षा घट्ट.
मग एक हिरवा स्फोट, आणि कानाशी आयलर्ट:
"उजेडाकडे बघू नकोस.
त्याच्या पायाशी बघ."
पायाशी एक तळं असतं, मसुरीच्या दाण्याएवढं.
त्याचा मागचा काठ थिजत येतो,
पुढचा काठ सरकतो.
आपण फक्त पुढच्या काठाला जपायचं.
थांबलीस तर खाली गळेल,
पळालीस तर मागे काहीच उरणार नाही.

आवाजही ऐकायचा म्हणे.
तव्यात कॉड पडल्यावर होतं तसं चर्र हवं, सलग.
फटफट झालं की तार जास्त.
हे सांगताना बहिरा माणूस
तळवा टेबलावर टेकवून उभा होता.

नाताळाच्या आधी एक शिवण जमली.
एकावर एक सरकलेली अर्धी-अर्धी नाणी,
शेवटपर्यंत सारखी. मी तिचा फोटो काढला.
आयलर्टनं पट्टी शिकंज्यात धरली
आणि हातोड्याचा एकच घाव.
शिवण अख्खी सुटून आली,
पाकिटावर न चिकटलेल्या तिकिटासारखी.
"आत गेलीच नव्हती," तो म्हणाला. "वर बसली होती."
उष्णता वाढवली.
भोक पडलं, त्यातून फरशी दिसली.
थोडी कमी केली.
पुन्हा भोक, पण लहान.

जानेवारीत शेजारच्या गुडवाइगची
पायानं ढकलायची बर्फगाडी आणली.
धाव तुटलेली, नळी कागदासारखी पातळ.
सलग ओढलीच नाही.
टाका. थांब. टाका. थांब.
आजारी माणसाला चमच्यानं भरवावं तसं.
वर उंचवटे राहिले, एका जागी सूज आल्यासारखी.
मी ते घासून काढले नाहीत.
गुडवाइग बोट फिरवून म्हणाली, "टोचतं."
आणि त्याच गाडीवर पिशव्या लादून निघून गेली.

सूर्य यायच्या दिवशी सारं गाव टेकडीवर होतं,
शाळा सोडलेली, पोरं एकमेकांच्या कॉलरात बर्फ कोंबत.
गुडवाइग सर्वांत आधी पोचलेली,
गाडीवर बसून थर्मास उघडत.
समुद्राच्या कडेला एक हिरवट रेघ फुटली,
आणि माझी हनुवटी आपोआप
खाडकन खाली झटकली.
डोक्यावर लोकरीच्या टोपीशिवाय काही नव्हतं.

आयलर्टनं बरोबर पाहिलं.
तो हसेल असं वाटलं.
मोज्यातलं एक बोट काढून त्यानं दाखवलं फक्त,
खाली, उजेडाच्या पायाशी,
जिथे काठ सरकत होता.