खडीसाठी हात वर

या टाउनशिपला गाव नाही.
नाव आहे, एल्वेस्टाड; पाटी आहे,
पाटीला छऱ्यांची तीन भोकं आहेत,
पण वेस नाही, पार नाही, वाण्याचं दुकान नाही.
आमच्याकडे म्हणायचे पांढरी आणि काळी,
राहायची माती निराळी, कसायची निराळी.
इथे पांढरी नाहीच. नुसती काळी,
सहा मैल रुंद, सहा मैल लांब,
आणि रात्री तिच्यावर
एकेकट्या अंगणांतले दिवे.

छत्तीस चौकोन.
मोजणारा ईशान्येच्या कोपऱ्यातून निघाला,
पश्चिमेला सहा, मग खाली उतरून पुन्हा पूर्वेला.
तास संपलं की बैल वळतात
तसे आकडे वळत गेलेत.
त्याच्या आधी इथे कोण होतं
ते वहीत नाही. वहीचं पहिलं पान
साखळीच्या मापानं सुरू होतं.

मी बाविसाव्यात राहते.
सोळावा शाळेसाठी राखलेला;
शाळा गेली, खोली उरली,
तिथेच आमची सभा भरते,
मार्चातला दुसरा मंगळवार, रात्री आठ.
अकरा माणसं, एक हीटर,
फळ्यावर अजून पुसट बेरीज.

आर्डिस टोलेफसन, क्लार्क, चव्वेचाळीस वर्षं तीच,
माझ्या आडनावापाशी पेन थांबवते.
वाघचौरे, मी म्हणते. सावकाश, ती म्हणते.
मी एकेक अक्षर देते,
ती घेते, जशी अंडी मोजून घ्यावीत.

जमाखर्च.
ग्रेडर, एकशे बारा तास.
नव्या मोऱ्या, दोन.
बीव्हरचा बांध फोडणे, साडेतीनशे डॉलर,
(त्यानं पुन्हा बांधला, कुणीतरी मागून म्हणतं).
दफनभूमीतलं गवत: डेल कापतो, पैसे घेत नाही.
कुंपणाचा तंटा: मिटला.
कसा मिटला, ते कुणी विचारत नाही.

मग एकोणतीस आणि तीसमधला मैल.
एक रस्ता, त्याच्या टोकाला एक घर.
अध्यक्ष म्हणतात, खडी महागली,
बर्फ काढणारा एकच उरलाय,
"जपून जा" अशी पाटी लावू आणि सोडून देऊ.
लॉयल ऑस्टबी उठतो. एक्याऐंशी.
बियाणे कंपनीची खिशातली डायरी उघडतो.
"गेल्या वर्षी मी त्यावरून
एकशे सहा वेळा गेलो आणि आलो.
दर गुरुवारी नर्स येते.
तिची गाडी लहान आहे."
आणि बसतो.
डायरी मिटायचं त्याला सुचत नाही.

ठेवायचा म्हणणारे, हात वर.

नोव्हेंबरात शपथ घेतली तेव्हा
वाटलं होतं, माझं पहिलं मत
काहीतरी मोठ्याला जाईल:
पडदा, यंत्र, छातीवर स्टिकर.
ते गेलं खडीला.
आठशे टन, दीड इंची, मैलभर.

सात विरुद्ध तीन. लॉयलनं मत दिलं नाही,
स्वतःच्या रस्त्यासाठी हात कसा उचलायचा, म्हणाला.
माझा हात नसता तरी चाललं असतं.
पण आर्डिसनं तो पेनाच्या टोकानं मोजला,
हवेतच,
हे मी पाहिलं.

घर दोन मैलांवर. मी सरळ गेले नाही.
उत्तरेच्या शिवेपर्यंत गाडी नेली,
जिथे सरळसोट रस्ता
एकदम काटकोनात वळतो, शंभर पावलं बाजूला सरकतो,
आणि काही झालंच नाही अशा थाटात
पुन्हा उत्तरेला लागतो.
पृथ्वी गोल आहे, त्याचं हे बिल:
रेषा वर वर जाताना एकमेकींकडे कलतात,
चौकोन पुरे पडत नाहीत,
कुठेतरी चूक उतरवून ठेवावी लागते.
दर हिवाळ्यात एखादा परका तिथे
गाडीसकट मक्याच्या खुंटात शिरतो.

वळणावरच्या खांबाला कुणीतरी
कॉफीच्या डब्यांची झाकणं ठोकलीत,
दिव्याच्या झोतात चमकावीत म्हणून.
पाच झाकणं, दोन गंजलेली, एक अगदी नवं.
हा खर्च
आज वाचलेल्या हिशेबात नव्हता.