चौथा नमुना

हजिऱ्याच्या गल्लीत, रईसभाईंच्या कारखान्यात
पुठ्ठ्याला भिजल्या गवताचा वास येतो.
त्यांनी पंगतीला पाट मांडावेत तसे
तीन खोके ओळीनं मांडले, फुंकर मारली
आणि म्हणाले, "हाथ लगा के देखिए, शितोळेजी."

पहिल्यावर किल्ला.
ग्वाल्हेरात गजकेच्या ज्या खोक्यावर बघावं त्यावर किल्ला.
मी म्हटलं, हा मला दात घासताना रोज दिसतो,
त्याला तिथंच राहू द्या.

दुसऱ्याला पारदर्शक खिडकी.
"माल दिखेगा तो बिकेगा."
बिकेगा, खरंय.
पण तिळाला उजेड सोसत नाही, रईसभाई,
आठ दिवस दुकानाच्या काचेत राहिला की खवट.
विकला जाईल,
एकदाच.

तिसरा सोनेरी, आत मखमली कागद,
झाकणाला चुंबक.
बावीस रुपये एक.
आत पाव किलो गजक, तिच्यात माझे सुटणार अकरा.
चुंबक मात्र तीनदा उघडून मिटून बघितला.
छान आवाज होता.

गेल्या पौषात बेळगावला कुमुदवन्संना सहा पुडे पाठवले.
साधी पिशवी, वर खाकी कागद, सुतळी.
फोन आला: "पोचली गं. पूड झाली होती,
आम्ही दुधात घालून खाल्ली. चव तीच."
चव तीच, हे त्या दोनदा म्हणाल्या.
त्या रात्री मला झोप नाही.
नागपूरचा दुकानदार वन्सं नव्हता.
त्यानं चाळीस पुडे परत पाठवले,
चिठ्ठीवर दोनच शब्द: चुरा मिळाला.

आमचा पूरन पहाटे चारला मोगरी उचलतो.
गुळाचा पाक, वर भाजले तीळ,
घडी घालायची, हाणायची, पुन्हा घडी.
मी एकदा मोजले. दोनशे बारा घाव,
मग त्याची बायको चहा घेऊन आली आणि मोजणं राहिलं.
एवढं सोसून जी पदर सोडते
तिला पुढं टेम्पोतला एक खड्डा सोसत नाही.
पूरनला हे सांगितलं तर म्हणाला,
"अम्माजी, मार अलग होती है, धक्का अलग."

म्हणून मी घरून गजक नेली होती, पदराखाली, गरम नव्हे, कालची.
म्हटलं, भरा तिन्हीत. टाका खाली.
रईसभाईंचा धाकटा स्टुलावर चढला, छातीएवढ्या उंचीवरून सोडलं.
किल्ला: खुळखुळ.
खिडकी: खुळखुळ, आणि फुटलेलं दिसलंही.
सोनेरी: चुंबक उघडला, अर्धी गजक फरशीवर.
कोणी काही बोललं नाही. मशीन मात्र चालू होती.

मग ते माळ्यावर गेले
आणि जुन्या नटबोल्टच्या ऑर्डरीतला उरलेला एक घेऊन आले.
मातकट, तीन पदरी, बाजूनं जाड.
मी म्हटलं, बोटभर बुटका करा.
आत हवा नको. हवेला खेळायला जागा मिळाली की ती मोडते.
त्यांनी कापला, आत चांदीची पिशवी, कडेला कागदाच्या झिरमिळ्या,
धाकट्यानं सोडला.

धप्प.
कान लावला. काही नाही.
उघडला. एक कोपरा गेला होता.
तो मी खाल्ला.

"साडेसात पड़ेगा."
सात.
"सवा सात, आपकी ना मेरी."
बरं.
"छपाई? फोटो? कुछ तो लिखवाइए."
बनवल्याची तारीख मोठी, चष्म्याशिवाय दिसेल अशी.
वजन खरं.
आणि नाव?
नाव लहान.
खाली, उजवीकडं,
जिथं धरताना अंगठा येतो.

रईसभाईंनी खोका उचलला,
हळूच, भरलेला असल्यासारखा,
अंगठा थोडा वर सरकवला, थोडा खाली
आणि कानावरची पेन्सिल काढून
तिथं बारीकशी फुली मारली.