आलो, आले

आमच्या कडोलीत बायका 'मी आलो' म्हणतात.
आई म्हणते, गिरणीला गेलो, दळून आणलो.
शेजारची भागव्वा म्हणते, दमलो गे बाई,
आणि निऱ्या झटकत उठते.
कुणालाच त्यात काही वाटत नाही.

आठवीत गुरुजींनी विचारलं, उशीर का रे भरमू?
माझ्या तोंडातून निघालं, चालत आले.
पुण्याची मामी आलीय काय रे घरात? म्हणाले गुरुजी.
मामी हे नाव मग दहावीपर्यंत पुरलं.

आता शहापुरात साडीचं दुकान.
गादीवर मांडी, डाव्या खांद्यावर इरकल,
पदर कसा पडतो ते अंगावर घेऊनच दाखवायचं,
मालकाचीच तशी ताकीद.
गिऱ्हाईक कन्नड निघालं की जीव सैल होतो.
नान तोरस्तेनी. नान कोडतेनी.
दाखवणारा की दाखवणारी,
त्या शब्दाच्या गावीही नाही.
बैलहोंगलच्या गौरव्वा म्हणाल्या, निन्न दनी छंद ऐती,
आणि दोन जास्तीच्या घेऊन गेल्या.
खरं गल्ल्यावरून मालक फोनवर सांगतो, अव बंदान,
तेव्हा त्या शेवटच्या 'न'ला
मिशी असते. माझी.

मराठीतला भविष्यकाळ तसा बरा.
येईन. दाखवीन. घडी घालून ठेवीन.
लोकांना वाटतं, ह्याचं सगळं उद्यावर.
जेवलास?
जेवीन.
लगीन?
करीन की.
भूतकाळ तेवढा चुकवायचा,
बोळातल्या कुत्र्यासारखा,
लांबून, दुसऱ्या गल्लीनं.
'मी केलं' चालतं, 'मला वाटलं' चालतं.
जाणं-येणं, बसणं-उठणं, हसणं, रडणं
ह्यांचीच पंचाईत.

परवा शेवटची बस गेली.
टेम्पोनं फाट्यापर्यंत, तिथून पायी.
गावात लाईट नव्हती.
कडी वाजवली तशी आई आतून म्हणाली,
कोण ते?

अंधारात माझे हातसुद्धा मला दिसत नव्हते.
मी, म्हटलं. आले.

आत भांडं ठेवल्याचा आवाज.
मग नुसता रातकिडा.
इतका वेळ की वाटलं,
परत फाट्यावर जावं.

मग कडी निघाली.
आलो म्हण गे, म्हणाली.
आमच्यात बायका आलोच म्हणत्यात.
ताट वाढलोय.
पाय धू आधी, चिखल केलीस सगळा.