गाय वाचली का

भूकंपानंतरच्या चौथ्या दिवशी
चिलोएच्या किनाऱ्यावर तारेचे खांब
चावून टाकलेल्या काट्यांसारखे पडले होते
आणि बार्रिया मास्तरांच्या स्वयंपाकघराबाहेर
अख्खं गाव रांगेत उभं होतं,
बायकांच्या मुठीत चिठ्ठ्या.

आत चुलीशेजारी पत्र्याची पेटी,
ट्रकची बॅटरी,
बटाट्याच्या पोत्यावर पितळी कळ.
माझं काम एवढंच:
एरियलची तार खिडकीला लागू द्यायची नाही.
सात वर्षांची मी, हातात काठी,
वाऱ्याशी भांडत बसलेली.

आई म्हणाली, थोडक्यात लिहा, बॅटरी उतरेल,
आणि मग तीच लांबण लावत गेली,
छप्पर, होडी, आजीचा पाय, चर्चची घंटा.
मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं
आणि लिहिलं:
रेमिहिओ, पुंता आरेनास. सगळे जिवंत.

"शेवटचा शब्द तू मार, ओर्फेलिना."
माझ्या बोटावर त्यांचं बोट,
तंबाखूनं पिवळं.
कट्ट कट्ट कट्ट कडकट्ट.
कळ गार होती, एवढंच आठवतं.
आणि बाहेरची रांग एकदम गप्प झाली, तेही.

दोन रात्री नुसती खरखर,
तव्यावर चरबी तडतडावी तशी.
तिसऱ्या रात्री मास्तरांची पेन्सिल हलली.
मेंढ्या भादरायला गेलेल्या माझ्या बापानं
हजार मैलांवरून विचारलं होतं:
गाय वाचली का?

"मेल्याला गाय सुचतेय," आई म्हणाली
आणि ॲप्रनमध्ये तोंड खुपसून
हसली की काय केलं, मला कळलं नाही.
गाय लाटेबरोबर गेली होती, दाव्यासकट.
"कळवा, वाचली म्हणून."
मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.
मग पाठवलं.

दोन महिन्यांनी बाबा आले,
खांद्यावर पोतं,
पोत्यात गाईसाठी नवी घंटा.
गोठ्याच्या दारात ते बराच वेळ उभे राहिले.
कुणाला काही बोलले नाहीत,
आईला तर नाहीच.

पुढच्या हिवाळ्यात मी मास्तरांकडे शिकायला जाऊ लागले.

आता सत्तरीला आले.
जिन्याखाली माझा सेट, जिन्याखालीच माझी खुर्ची.
सून म्हणते, खिशात फोन आहे ना, आई?
आहे की.
पण फोनला आधी नंबर माहीत असावा लागतो.

होक्काइदोचा एक दंतवैद्य भेटतो शनिवारी,
तोडकं स्पॅनिश बोलतो,
बहुतेक बर्फाबद्दल, कधी गुडघ्यांबद्दल.
वादळात घर हललं की
सेटवर टांगलेली घंटा वाजते.
तो विचारतो, मागे कसला आवाज?

मी बटण दाबून सांगते:
गाय आहे. ओव्हर.