इतिवृत्त

कौन्सिल हॉलच्या मागची खोली, तीन पंख्यांतला मधला बंद.
माझं काम ऐकायचं
आणि ऐकलेलं आखडून लिहायचं.
विषय क्रमांक चार : कुंडवाडीचे रांजणखळगे, संरक्षित स्थळ,
आणि त्यांच्या कडेला युरेनियमसाठी खाण.

कंपनीच्या माणसानं दगडाचा गाभा टेबलावर ठेवला,
नऊशे मीटर खालून काढलेला,
वरवंट्याएवढा, तांबूस.
कागद उडत होते, त्यांच्यावर बरा बसला.

उजवीकडची खुर्ची म्हणाली, देशाला वीज नको का?
डावीकडची म्हणाली, ठेव्याला हात लावाल तर याद राखा.
पाच वर्षांपूर्वी खुर्च्या उलट होत्या
तेव्हा हीच वाक्यं मी उलट नावांनी टंकली आहेत.
जुनी फाइल उघडली, नावं फिरवली.
‘याद राखा’ तेवढं तेव्हाही गाळलं होतं.

मग गाडी अंतरावर आली.
कुणी पाचशे मीटर म्हणे, कुणी दोनशे,
मंडईत मेथीच्या जुडीचं जुळावं तसं
तीनशेवर जुळत आलं,
तेवढ्यात मागच्या रांगेतून अनसूया वरखडे उठल्या.
हातात चहाचा कप तसाच.

“मोजणार कुठनं? काठापासनं का बुडापासनं?
सात बाजांचं सुंभ जोडून सोडलं होतं आमच्यातल्यांनी,
बूड लागलं न्हाई.
न लागलेल्या बुडापासनं तीनशे मीटर
म्हंजी कुठं येतं, सायेब?”

(हशा.)
असं कंसात लिहितात. लिहिलं.

डॉक्टर तांबोळी हसले नाहीत.
चष्मा पुसत, जवळजवळ स्वतःशीच बोलले,
खळगे आतून एकमेकांना मिळालेत का
ते अजून कुणी बघितलेलं नाही.
इतिवृत्तात : तज्ज्ञांनी तांत्रिक बाबी स्पष्ट केल्या.

संध्याकाळी बस संगम पुलावर अडकली.
खाली मुळा कुठली, मुठा कुठली,
खिडकीतून मला सांगता आलं नसतं.
घरी मसुदा पुरा केला. अंतराची जागा कोरी सोडली.

सकाळी साहेबांनी हिरव्या शाईनं ३०० भरलं,
शाई ओली असतानाच
वर तो तांबूस दगड ठेवला.

दुपारी उचलून पाहिलं तर
शेवटचं शून्य बुजलेलं.
तीस वाचता येतं आता, सहज.

सांगायला गेले.
साहेब पुढच्या बैठकीत होते.