निळ्याचं गुलाबी

शुक्रवारी यवतमाळला. दहा मिनिटं.
सर्कल ऑफिस, दुसरा माळा, एसीचा हॉल.
साहेब म्हणाले, "मडावी, तुम्हीच बोला.
तवा तुमचा, तर तोंडही तुमचंच."

तवा खरंच माझा. काठ उडालेला,
आईनं भाकरीतून बाद केलेला.
त्यावर मी सिलिका जेल भाजते,
ट्रान्सफॉर्मरच्या नाकातले खडे:
कोरडे असले की निळे,
ओल प्यायले की गुलाबी,
भाजले की पुन्हा निळे.
शोध एवढाच.
आणि चौदा महिन्यांची वही.
सहा डीप्या, एकही जळली नाही.

एवढं तर पानठेल्यावर उभ्याउभ्या सांगून होते.
पण स्लाइडा झाल्या एकोणीस.
भाचा म्हणाला, बाण उडत आले पाहिजेत,
म्हणून बाण उडत येतात.

भादव्याची रात्रपाळी. सबस्टेशनात मी
आणि पॅनेलचे लाल-हिरवे दिवे.
"सन्माननीय अधीक्षक अभियंता महोदय"
इथवर येते, मग जीभ
एप्रिलातला नाला.
पाचव्या स्लाइडवर "कारणमीमांसा".
मोठ्यानं म्हणून पाहिलं. मी. मां. सा.
जसं लग्नातून येताना
दुसऱ्याचीच चप्पल घालून आले.
बाहेर ट्रान्सफॉर्मर एका सुरात घुमतो,
त्याला घसा खाकरावा लागत नाही.

दोन वाजून दहा. सावळी फीडर ट्रिप.
फोनवर टिकाराम, लागून पंधरवडा झालेला,
चिखलात डीपीसमोर टॉर्च धरून.
"ताई, काय पाहू?"
"आधी दूर हो. हात लावू नको कायलेच.
आता टॉर्च मार. बाजूले बाटली लटकते,
कोन्त्या रंगाची हाय?"
"गुलाबी... नाई, पांढरटच."
"ओल पिऊन बसली थे. तेलात पाणी उतरलं असन.
इले आज झोपू दे, बाकी लाइन पाहू."
"काहून पण ताई?"

मग सांगितलं काहून.
की डीपी बी श्वास घेते,
दिवसा तापते, रात्री निवते,
निवताना बाहेरची हवा आत ओढते,
अन् दमट रातीले
नाकात रुमाल नसला तं काय होते.
त्यानं दोनदा उलटं विचारलं,
मी दोनदा उलटं सांगितलं,
मधात एकदा हसलोही.

लाइन लागली. लॉगबुक भरायला घड्याळ पाहिलं.
त्या सांगण्यात अकरा मिनिटं गेली होती.
एक मिनिट जास्त.

ती डीपी माझ्या सहातली नव्हती.
वहीत तिचं पान नव्हतंच, ते पाडलं.

मग पाचवी स्लाइड उघडली.
मीमांसा खोडली. लिहिलं: काहून.
बराच वेळ पाहिलं. खोडलं.
पहाटे पुन्हा लिहिलं,
अक्षर थोडं लहान ठेवून.

बस सव्वासहाची.
पिशवीत पेनड्राइव्ह, इस्त्रीची ओढणी,
दोन बाटल्या, एक निळी, एक गुलाबी.
तवा न्यावा का नाही
हे काही अजून ठरलेलं नाही.