मुक्कामी गाडी

किनवट आगार, शेवटची फेरी, मुक्काम पिंपळशेंडा.
गाडीत मी, गफूरभाई,
आणि एका म्हातारीची विसरलेली पिशवी.
रस्ता संपतो तिथं गाव लागतं,
पुढं नुसता साग.

दिवे मालवले तेव्हा ऐकू आलं,
आधी छातीत, मग कानात.
गफूरभाई म्हणाला, "इंजिन तर बंद केलंय मी."

डोंगरापलीकडून दंडार आली होती.
ढोल, तुडूम, टिपऱ्या घेतलेली पोरं,
आणि नऊ गुसाडी:
अंगाला राख, खांद्यावर कातडं,
डोक्यावर मोरपिसांचे एवढे टोप
की कंदिलाच्या उजेडात आधी टोप यायचे,
माणसं नंतर.

जंगुबाप्पा तोडसामांनी आम्हाला पाहिलं
आणि सरळ पाहुण्यांच्या ओळीत ढकललं.
"आम्ही एसटीचे," मी म्हणालो.
"बाहेरून आलाव ना? वाजत आलाव ना?
मग तुमची बी दंडारच."

जैतूबाई तांब्या घेऊन आली पाय धुवायला.
बावीस वर्षांच्या नोकरीत
लोकांनी माझ्या हातावर पैसे ठेवले, शिव्या ठेवल्या,
एकदा लातूर रोडला एक रडतं लेकरू ठेवलं,
पण पाय कुणी मागितले नव्हते.
मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.
तिनं ते पाहिलं
आणि पाणी ओतलं.

पळसाच्या पानावर भात.
तेलातून नुकते निघालेले उडदाचे वडे,
बकऱ्याचा रस्सा इतका पातळ
की भाताचा बांध घालावा लागतो, नाहीतर शेजाऱ्याच्या पानात.
गफूरभाईनं वरणभात मागितला,
कुणी का म्हणून विचारलं नाही,
दोनदा वाढलं.
मोहाचा द्रोण माझ्यापाशी आला.
ड्युटीवर आहे, म्हणालो.
द्रोण पुढं गेला, आणि फिरून परत आला.

औशाला येळवशीला आमच्या रानात
भज्जी असते, आंबिलीचं डेरं असतं,
वाटेनं जाणाराला हाक मारून बसवतो आम्ही.
मी वाढणारा. कायम वाढणाराच.
बसणारा कसा जेवतो
ते त्या रात्री कळलं:
मान खाली, एक कान मागं,
आपलं पान संपू नये आणि उरूही नये म्हणून
जपून.

मग यजमानांनी पाहुण्यांना उठवलं.
मी पैशाची बॅग काढली नाही, हिशेबाची रक्कम,
गळ्यात तशीच ठेवून रिंगणात गेलो.
पाय चुकले. पुन्हा चुकले.
तिसऱ्या फेरीला बॅगेतली चिल्लर तालावर आली,
मी नाही.
एक पोरगं ओरडलं, "कंडक्टरला घुंगरू हाय!"
आणि नाचता नाचताच एक म्हातारी शेजारी आली,
माझ्या खांद्यावरची पिशवी उतरवली,
आत सुपारी आहे का चाचपलं,
एक पाऊलही न चुकता
पुढं निघून गेली.

पहाटे साडेपाचला अख्खी दंडार गाडीत.
टोप दारात मावेनात, नऊ देव वाकून चढले.
व्रत होतं, सीटवर एकही बसला नाही,
मधल्या वाटेत कातडी अंथरली.
"अंगात हाये तवर तो देव," जंगुबाप्पा खिडकीतून म्हणाले,
"देवाला तिकीट न्हाई."
मी म्हणालो, "पुढं साहेब चढले तर?"
त्यांनी विचार केला.
"मग साहेबाला जागा द्या."

नऊ फुल्ल मी माझ्याकडून फाडली.
हिशेब मांडला तर तीन रुपये जास्त भरले.
अजून लागत नाहीत ते तीन रुपये.

उतरताना सगळ्यात थोराड गुसाडीनं
काठी माझ्या बॅगेला टेकवली.
"पुढल्या साली आमी तुमच्याकडं."
सगळे हसले. तो हसला नव्हता.

औशाला दीड खोली आहे माझी.
काल स्टुलावर चढून टेपनं मोजलं.
पळसाची पानं आणता येतील,
माणसं अंगणात बसतील, शेजारी चटया देतील.
फक्त आल्या आल्या
छताचा पंखा उतरवून ठेवावा लागेल.